पाचशे पायऱ्यांची नोकरी

लंडनच्या जुन्या डबलडेकर बसचा जिना मागच्या बाजूला असे. मागचा भाग उघडा, दार नाही. दांडा धरून पाय टाकला की समोर वर जाणारा अरुंद, वळणाचा जिना. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या काळात बसवर दोन माणसं असत. पुढच्या केबिनमध्ये एकटा ड्रायव्हर, आणि बाकीची सगळी बस कंडक्टरची. तिकिटं द्यायला तो खालून वर, वरून खाली सारखा फिरत राही. कामाच्या एका दिवसात त्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढून होत. ड्रायव्हरच्या पाळीतला नव्वद टक्के वेळ मात्र सीटवर बसून जाई.

दोघं एकाच डेपोचे, बहुतेक सारख्याच वस्त्यांमधून आलेले, एकाच गणवेशातले. या दोघांच्या हृदयांत काही फरक पडत असेल का, हे १९४९ साली लंडनमधल्या एका डॉक्टरने मोजायला घेतलं. त्याचं नाव जेरी मॉरिस. ‘रोज चाला, जिना चढा, हृदय नीट राहील’ हे आज कुठलाही डॉक्टर पेशंटला सांगतो. त्या सल्ल्यामागचा पहिला भक्कम, आकड्यांतला पुरावा या बसच्या जिन्यावर मिळाला.

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवत असे. मुलं त्याला पीएसएम म्हणतात आणि परीक्षेपुरतं वाचतात. पण मॉरिसच्या बसचा तास घेतला की वर्ग जागा होई. मलाही तो तास फार प्रिय होता, कारण माझे वडील, आमचे अण्णा, बेस्टमध्ये कंडक्टर होते. खांद्याला चामड्याची पैशांची पिशवी, हातात रंगीत तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंचची टिकटिक. त्या टिकटिकीवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं. जगातल्या डॉक्टरांना हृदयाबद्दलची इतकी मोठी गोष्ट एका कंडक्टरच्या कामातून कळली, हे वर्गात सांगताना मला अभिमान वाटायचा. तो मी कधी लपवला नाही.

त्या काळी वैद्यक काय मानत होतं, हे आधी सांगायला हवं. हृदयविकाराचा झटका आला की रोग्याला चार-सहा आठवडे गादीवर आडवं ठेवायचं, कूसही नर्सने बदलून द्यायची, हा शिरस्ता होता. जखमी हृदयाला विश्रांती हवी, एवढा एकच विचार त्यामागे होता. १९५२ साली बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तर तेवढंही धाडस वाटलं. नुसतं बसवणं! निरोगी माणसाने हृदयासाठी म्हणून मुद्दाम दम लागेपर्यंत श्रम करावेत, ही कल्पना तर दवाखान्यांच्या जवळपासही फिरकत नव्हती.

व्यायामाचे गुण जुन्यांना ठाऊक होते, यात शंका नाही. सुश्रुताने व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा असं सांगितलं आणि निम्मी शक्ती संपल्याची खूणही दिली: श्वास तोंडाने घ्यावा लागायला लागला की थांबायचं. आज ‘बोलता येईल पण गाता येणार नाही’ एवढ्या वेगाने चालायला सांगतात. दोन्ही मोजमापं श्वासाचीच आहेत. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात बैठं काम करणारे शिंपी आणि चांभार कसे खंगतात हे नोंदवलं. आपल्याकडे तालमी होत्या, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता. पण या सगळ्याचा भर ताकदीवर, बांध्यावर, पचनावर. हृदयाच्या रोहिण्यांचा रोग श्रमाने टळतो का, हा प्रश्न वेगळा होता. त्याचं उत्तर द्यायचं तर हजारो माणसांची वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि तशी नोंद कोणी ठेवली नव्हती. परंपरेच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. तरी ‘आमच्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं’ असं कोणी म्हटलं की मी तिथेच थांबवते. अंदाज बरोबर असणं आणि तो सिद्ध करणं यांत माणसांच्या आयुष्यभराचे कष्ट असतात. त्या कष्टांचा मान ठेवला पाहिजे.

मॉरिस १९१० साली लिव्हरपूलमध्ये जन्मले आणि ग्लासगोच्या गरीब भागात वाढले. आईवडील पोलंडमधून जीव वाचवून आलेले ज्यू. वडील मुलांना आठवड्यातून एकदा शहराबाहेर चालायला नेत. चार मैल तासाच्या आत संपवले तर आइस्क्रीम मिळे, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं होतं. महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. त्याच काळात समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांच्याबरोबर त्यांनी गरिबी आणि मुलांमधला सांधेज्वर यांचा संबंध आकड्यांनी दाखवला. रोग समाजात कुठे राहतो, कोणाच्या घरात शिरतो, हे पाहायची नजर त्यांना तिथे मिळाली. बस त्यांना दिसली ती याच नजरेमुळे, असं मला वाटतं.

१९४८ साली त्यांच्याकडे सरकारी संशोधन परिषदेच्या सामाजिक वैद्यक विभागाची सूत्रं आली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावच्या पाच हजारांवर रहिवाशांची प्रसिद्ध हृदयपाहणी सुरू झाली. दोन्हीकडे चिंता एकच होती. धडधाकट दिसणारी मध्यमवयीन माणसं अचानक छातीत कळ येऊन मरत होती, आणि कारण उमगत नव्हतं.

मॉरिसनी आधी एक काम केलं, त्याची आठवण फार थोडे लोक ठेवतात. लंडन हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदनाच्या नोंदी १९०७ पासून अतिशय काटेकोर ठेवलेल्या होत्या. मॉरिसनी चाळीस वर्षांची ती दप्तरं उलगडली. रोहिण्यांच्या भिंतीवर साचणारा मेदाचा थर या काळात वाढला असेल, अशी अपेक्षा होती. तो वाढलेला नव्हता, उलट थोडा कमीच दिसत होता. पण रोहिणी बंद पडून होणारे मृत्यू मात्र कितीतरी पटींनी वाढले होते. म्हणजे भिंत खराब होणं ही एक गोष्ट आणि तिच्यामुळे माणूस मरणं ही दुसरी. मधे आणखी काहीतरी घडत होतं, आणि ते गेल्या चाळीस वर्षांत लोकांच्या राहणीत शिरलं होतं. १९५१ साली ही मांडणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ते काहीतरी माणसांच्या कामात शोधावं, असा तर्क त्यांनी केला.

मग बस. लंडन ट्रान्सपोर्टकडे पस्तीस ते चौसष्ट वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष कामगार होते. बसचे, ट्रामचे, ट्रॉलीबसचे, भुयारी रेल्वेचे. आजारपणाच्या रजेची आणि मृत्यूची प्रत्येकाची नोंद होती. तिथले वैद्यकीय अधिकारी रॅफल अभ्यासात सामील झाले. १९४९ आणि १९५० या दोन वर्षांत कोणाला रोहिणीविकार झाला, कोण वाचला, कोण गेला, हे एकेक प्रकरण तपासून लिहिलं गेलं.

ड्रायव्हरांमध्ये वर्षाला दर हजारी २.७ जणांना हा रोग झाला, कंडक्टरांमध्ये १.९. आकडा पहिल्या नजरेला मोठा वाटत नाही. पुढची ओळ वाचली की अंगावर काटा येतो. पहिल्याच झटक्यात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत मरण्याचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये कंडक्टरांच्या दुपटीहून अधिक होतं. कंडक्टरांना रोग व्हायचा तो उशिरा, आणि बऱ्याच वेळा चालताना छातीत दुखण्याच्या सौम्य रूपाने. त्यात माणसाला सावध व्हायला सवड मिळते. ड्रायव्हरचा रोग सवड देत नव्हता.

मॉरिसनी हे निष्कर्ष लगेच छापले नाहीत, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर इथे सर्वांत जास्त आहे. इतकी मोठी गोष्ट एका बस कंपनीच्या आकड्यांवर सांगायची नाही, आधी दुसरीकडे पडताळायची, असं त्यांनी ठरवलं. टपाल खातं निवडलं. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, आणि त्याच खात्यात दिवसभर खुर्चीवर बसणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. तिथेही तेच दिसलं. तेव्हा कुठे, १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये, ‘लॅन्सेट’च्या लागोपाठच्या दोन अंकांत तो लेख आला. त्यातही भाषा सावध होती: हा तर्क आहे, तपासून पाहावा.

वर्गात इथवर आले की पहिला हात वर व्हायचा. “मॅडम, ड्रायव्हरला ट्रॅफिकचं टेन्शन असतं. जिन्याचा काय संबंध?” हा प्रश्न आला की मला बरं वाटायचं, कारण शंका योग्य आहे. लंडनमध्येही लोकांनी ती काढली होती. पोस्टमनचा अभ्यास तिथे उपयोगी पडतो. टपाल कचेरीतल्या कारकुनासमोर रहदारी नव्हती, तरी त्याचं हृदय पोस्टमनपेक्षा अधिक आजारी होतं.

दुसरी शंका जास्त चिवट. कदाचित सडपातळ, चपळ माणसंच कंडक्टर व्हायला जात असतील आणि जाड, संथ माणसं ड्रायव्हर. मग गुण जिन्याचा कसा? या शंकेचा माग मॉरिसनी पँटच्या मापांवरून काढला. कामगारांना गणवेश कंपनी शिवून देई आणि कोणाची उंची किती, कंबर किती याची मापं लिहून ठेवी. त्या नोंदी त्यांनी मागवल्या आणि १९५६ साली त्यांवर लेख लिहिला. शंका काही अंशी खरी निघाली. ड्रायव्हरांच्या कंबरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या, आणि अगदी तरुण वयातही मोठ्या होत्या. मॉरिसनी ते जसंच्या तसं छापलं. पण पुढे बारीक, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून अचानक येणारे मृत्यू तपासले, तेव्हा प्रत्येक गटात ड्रायव्हरच पुढे होते. बारीक ड्रायव्हरलाही बारीक कंडक्टरपेक्षा धोका अधिक होता. साठीच्या दशकात काही शे बसवाल्यांचं रक्त आणि रक्तदाब तपासला, तेव्हा ड्रायव्हरांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही चढे निघाले. सिगारेटचा हिशेब पहिल्या अभ्यासात नीट घेतलेला नव्हता. ही त्याची खरी उणीव, आणि ती मी मुलांना सांगत असे.

तिसरा पुरावा मृतांनी दिला. १९५४ ते १९५६ या काळात ब्रिटनभरच्या दोनशेहून अधिक रुग्णालयांतल्या पॅथॉलॉजिस्टांना मॉरिस आणि मार्गारेट क्रॉफर्ड यांनी विनंती केली. हृदयविकाराशिवाय अन्य कारणाने वारलेल्या मध्यमवयीन पुरुषाचं शवविच्छेदन कराल तेव्हा हृदय पाहा, आणि माणूस काय काम करायचा ते लिहा. अशा सुमारे ३,८०० पुरुषांच्या नोंदी आल्या. रोहिण्यांच्या भिंतीवरचा मेदाचा थर बैठं काम करणाऱ्यांत आणि अंगमेहनत करणाऱ्यांत जवळपास सारखा होता. पण हृदयाच्या स्नायूवरचे जुन्या झटक्यांचे मोठे वण बैठं काम करणाऱ्यांत कितीतरी जास्त होते. लंडन हॉस्पिटलच्या दप्तरांत जे कोडं सुरुवातीला दिसलं होतं, त्याची एक बाजू इथे उलगडली. श्रमाने नळी कोरी करकरीत राहत नाही. श्रम करणारं हृदय खराब नळीसह अधिक चांगलं निभावतं.

अण्णांना मी हे सगळं एकदा सविस्तर सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्यांच्याकडे बसला एकच कंडक्टर का?” मी हो म्हटलं. बेस्टच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक खालच्या मजल्याला आणि एक वरच्या. म्हणजे लंडनच्या पायऱ्यांचा हिशेब मुंबईला जसाच्या तसा लावता येत नाही. हे अण्णांनी एका प्रश्नात पकडलं, आणि मी तो प्रश्न पुढे दरवर्षी वर्गात विचारला. मुंबईच्या कंडक्टरचे श्रम वेगळे होते. खचाखच भरलेल्या बसमध्ये माणसांच्या भिंतीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट काढणं, पाळीभर उभं राहणं, धक्क्यांत तोल सांभाळणं. त्यातून त्यांच्या हृदयाचं भलं झालं का? अण्णांचं झालं असावं, असं मुलगी म्हणून वाटतं. पण एका घरातल्या एका माणसावरून असं काही सिद्ध होत नाही, हेच तर मी जन्मभर शिकवलं.

आपल्याकडेही कामगारांच्या नोंदी वापरून हृदयविकाराचा मोठा अभ्यास झाला, तो रेल्वेत. डॉ. एस. एल. मल्होत्रा या रेल्वेच्या डॉक्टरांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले आणि १९६७ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू उत्तरेतल्यांच्या सुमारे सात पट निघाले. त्यांनी कारण शोधलं ते आहारात, स्वयंपाकाच्या तेला-तुपात आणि खाण्याच्या पद्धतीत. श्रमाने हा फरक उलगडत नाही, असं त्यांचं मत होतं. मला त्यांचे सगळे तर्क पटत नाहीत. तरी मॉरिसच्या शेजारी हा अभ्यास ठेवून मुलांना दाखवणं मला आवश्यक वाटे. जिना चढला की बाकी काहीही खाल्लं तरी चालतं, असा अर्थ कोणी काढू नये.

पन्नाशी-साठीच्या दशकांत मॉरिसना आणखी एक गोष्ट दिसत होती. ज्या कामांमुळे त्यांना हे ज्ञान मिळालं, ती कामंच नाहीशी होत चालली होती. लंडनमध्ये हळूहळू एका माणसाच्या बस आल्या. चढतानाच ड्रायव्हरकडे पैसे द्यायचे, कंडक्टर नाही. २००५ च्या डिसेंबरात १५९ क्रमांकाच्या मार्गावरून जुन्या पद्धतीची शेवटची नियमित बस धावली. मुंबईत २०२३ च्या सप्टेंबरात डिझेलच्या डबलडेकर रस्त्यावरून उतरल्या. गोदीत क्रेन आल्या, गिरण्या बंद पडल्या, इमारतींना लिफ्ट लागल्या. पाठ मोडणारी कामं गेली याचं मला दुःख नाही. माथाडी कामगाराचे झिजलेले मणके मी पाहिले आहेत. पण पोटासाठी करायच्या कामातून जी हालचाल आपोआप होई, ती आता फावल्या वेळात स्वतः ठरवून करावी लागणार होती. ती तितकीच गुणाची ठरेल का?

त्यासाठी मॉरिसनी अगदी उलट टोकाची माणसं निवडली: टेबलामागे बसणारे सरकारी अधिकारी. १९६८ ते १९७० या काळात चाळीस ते चौसष्ट वयाच्या १६,८८२ पुरुषांच्या हाती सोमवारी सकाळी एक फॉर्म पडला. गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलंत, ते मिनिटांच्या हिशेबाने लिहा. आधी कळवलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी मुद्दाम पळायला गेलं नाही. बागेत खणणं, पोहणं, भरभर चालणं, सायकल, घरातली अवजड कामं, सगळं त्यात आलं. पुढे ज्यांना पहिला झटका आला, त्यांच्यात त्या दोन दिवसांत दमवणारे श्रम केलेले ११ टक्के होते. न आलेल्या बरोबरीच्या माणसांत २६ टक्के. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं.

१९९० मध्ये दुसऱ्या ९,३७६ अधिकाऱ्यांच्या पाहणीचा निकाल आला आणि त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगत आले आहे. तरुणपणी खेळलेले, पण पुढे सोडून दिलेले जे पुरुष होते, त्यांना जुन्या खेळाचा काहीही फायदा उरला नव्हता. फायदा होता तो आता, या आठवड्यात, नियमित अंग हलवणाऱ्यांना. “आम्ही शाळेत असताना कबड्डी खेळायचो हो डॉक्टर” असं सांगणारे काका मला शेकड्यांनी भेटले. त्यांना ही हकीगत सांगितली की ते जरा हिरमुसत. मग मी दुसरी बाजू सांगे. जन्मात कधी खेळला नाहीत तरी हरकत नाही, आज सुरू केलंत तर हृदय तेही मानतं. मात्र चालताना छातीत दाब येत असेल, दम लागत असेल, तर आधी तपासून घ्या. हे बजावल्याशिवाय मी कोणाला सोडलं नाही.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सहा हजारांवर गोदी कामगारांचा बावीस वर्षं माग ठेवला, आणि नंतर हार्वर्डच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांचा. हमाल आणि वकील, दोघांच्याही हृदयांनी लंडनच्या कंडक्टरसारखीच साक्ष दिली. १९९६ साली ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानासाठी पारितोषिक सुरू केलं, ते पहिल्यांदा मॉरिस आणि पॅफेनबार्गर या दोघांना मिळून दिलं. दोघांनी स्वतःचं ज्ञान स्वतःवर लागू केलं होतं. पॅफेनबार्गर मॅरेथॉन धावू लागले. मॉरिस लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर अशा काळात धावत, जेव्हा मोठी माणसं उगाच धावत नसत आणि बघणारे त्यांना वेडा समजत. म्हातारपणीही ते पोहायला जात.

पण ही सगळी यादी पाहा. कंडक्टर पुरुष, पोस्टमन पुरुष, अधिकारी पुरुष, गोदी कामगार पुरुष, हार्वर्डचे पदवीधर पुरुष. लंडनच्या बसवर महायुद्धापासून बायका कंडक्टर होत्या. त्याही तोच जिना चढत, पण त्यांना कोणी मोजलं नाही. कित्येक वर्षं बायकांना दिलेला सल्ला पुरुषांच्या आकड्यांवरून काढलेला होता, आणि याचा मला राग येतो. १९९९ साली अमेरिकेतल्या ७२,४८८ नर्सेसच्या पाहणीचा निकाल आला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर बायकांचं उत्तर मिळालं. आठवड्यातून तीन तास किंवा जास्त भरभर चालणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होता. धावायची गरज नाही, जिममध्ये जायची नाही. भरभर चालायचं.

आमच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या, “दिवसभर राबतेच की मी, अजून वेगळा व्यायाम कशाला?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नळावरून हंडे आणणाऱ्या, तीन मजले चढणाऱ्या, पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईला तो प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. तिचं काम कंडक्टरसारखंच होतं. तिच्या मुलीच्या घरी नळ आहे, मिक्सर आहे, लिफ्ट आहे. थकवा तेवढाच आहे, किंबहुना नोकरी आणि लोकलच्या गर्दीने वाढलेला आहे, पण त्या थकव्यात हृदयाला वेगाने चालवणारे श्रम फार थोडे उरलेत. दिल्ली आणि बंगळूरच्या रुग्णालयांत पहिला झटका आलेले ३५० रुग्ण आणि तुलनेसाठी ७०० इतर माणसं यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ३६ मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांना धोका निम्म्याहून कमी निघाला. माणसं आपली, गावं आपली. म्हणून हा अभ्यास मी बसच्या तासाच्या शेवटी आवर्जून ठेवत असे.

३६ मिनिटं म्हटलं की लोक ती एकदम कुठून काढायची, या काळजीत पडतात. लंडनचा कंडक्टर आपल्या पायऱ्या एका दमात चढत नव्हता. दहा-बारा पायऱ्या, मग तिकिटं, मग पुन्हा दहा-बारा, असं पाळीभर. कचेरीचे दोन मजले, स्टेशनचा पूल, भाजीसाठी लांबचा बाजार. अशी वाटून घेतलेली हालचालही हृदयाच्या खाती जमा होते, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही तसंच सांगते. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रम, लहान तुकड्यांत केले तरी चालतात.

मात्र चालायला जागा लागते, आणि वेळ लागतो, आणि दोन्हीला पैसे लागतात. पहाटे पाचला कामावर निघून रात्री नऊला परतणाऱ्या सिक्युरिटी गार्डला ‘रोज चाला’ असा सल्ला देताना माझी जीभ अडखळत असे. तो दिवसभर उभा असतो, चालत मात्र नाही. त्याच्या वस्तीत फूटपाथ नसतो. हे मॉरिसना नीट दिसत होतं. व्यायामाचं महत्त्व सिद्ध केलेला हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बसचे नाही, पैशांचे हिशेब करत बसला होता. निरोगी जगायला एका माणसाला आठवड्याला किमान किती उत्पन्न लागतं, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं. २००० साली अठरा ते तीस वयाच्या एकट्या तरुणाचा हिशेब आला. त्यात जेवण होतं, घरभाडं होतं, मित्रांना भेटायला जाण्याचा खर्च होता, आणि व्यायामाला लागणारे पैसेही होते. आकडा १३२ पौंडांच्या आसपास निघाला. त्या काळच्या किमान वेतनावर पूर्ण आठवडा राबणाऱ्या तरुणाच्या हाती तेवढे पैसे पडत नव्हते. हाच हिशेब पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते.